हात न घालायच्या बाह्या

त्या झग्याला दोन बाह्या होत्या, पण एकीतही हात जात नव्हता. खांद्यापाशी त्या जेमतेम तीन बोटं रुंद होत्या. पाठीवरून खाली उतरताना आणखी चिंचोळ्या होत गेल्या होत्या, आणि अगदी घेरापाशी एका भरलेल्या पट्टीने एकमेकींना जोडलेल्या होत्या. आमच्या बाहेरच्या खोलीत, बेतायच्या टेबलावर तो झगा उलगडला तेव्हा आत्याची नजर आधी त्या बाह्यांवर गेली. मी झग्याकडे नाही, आत्याकडे बघत होते, म्हणून मला ते ठाऊक आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बाबा ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअर्समध्ये कारकून होते आणि कारखान्याच्या बसने जायचे-यायचे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यामुळे दिवसभर घर आत्याच्या ताब्यात. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती सायखेड्याहून आमच्याकडे आली ती कायमचीच. येताना तिने हाताने फिरवायचं शिवणयंत्र आणलं होतं. मला आठवतं तेव्हापासून मात्र ते पायाचं आहे आणि बाहेरच्या खोलीत दुपारी तिचा शिवणक्लास भरतो आहे. आमच्या वसाहतीतल्या मुली तिला टीचर म्हणायच्या.

घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. बाबांनी हट्टाने घातलं होतं. त्याचा परिणाम म्हणून औषधाच्या बाटलीवरचं, ऑफिसच्या कागदावरचं, जे जे इंग्रजी घरात येई ते माझ्यापुढे ठेवलं जाई. वाचायला मला काही वाटत नसे. बोलायचं म्हटलं की मी अडखळे. खरं तर मराठीतही तसंच होत असे, पण घरच्यांनी त्याचं खापर शाळेवर फोडलं होतं.

ओझरला सोव्हिएत इंजिनियर सहकुटुंब राहत. आम्ही सगळ्यांनाच रशियन म्हणायचो. त्यांच्यातली एक बाई बाबांबरोबर कारखान्याच्या जीपमधून शनिवारी दुपारी आमच्याकडे आली. आत्या जिचे ब्लाउज शिवायची, अशा एका अधिकाऱ्याच्या बायकोने तिला आमचं घर सांगितलं होतं. पंचेचाळिशीची असेल. रुंद गाल, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, दोन दात सोन्याचे, आणि रुमालाखालून कमरेपर्यंत आलेली वेणी.

"रशियन म्हणत होता ना?" आत्या बाबांच्या कानाशी म्हणाली. "ही तर नेपाळकडची वाटती."

"सोव्हिएतच आहेत. तुर्कमेनिस्तान म्हणून भाग आहे त्यांच्यात. वाळवंट आहे सगळं."

बाईने न सांगता बूट दारातच काढले आणि मुली बसल्या होत्या त्या सतरंजीवर सरळ मांडी घालून बसली. आत्याने माझ्याकडे बघून मान हलवली. तिच्या दृष्टीने पहिली परीक्षा पास झाली होती.

बाईचं इंग्रजी म्हणजे सुटे सुटे शब्द, आणि मधल्या जागा हातवाऱ्यांनी भरलेल्या. ते मी इथे मराठीतच देते. एका अर्थी तिच्याशी बोलणं मला सोपं गेलं. तिच्यासमोर चुकायची भीती नव्हती, आणि तिला पुरं वाक्य लागतच नव्हतं.

तिने गाठोडं सोडलं. आधी निघाला लाल रेशमाचा घोट्यापर्यंतचा अंगरखा. गळ्याभोवती आणि छातीवरच्या उभ्या चिरेभोवती इतकं दाट भरलेलं की खालचं कापड दिसतच नव्हतं. मग तुमान. तिचा वरचा भाग साध्या सुती कापडाचा होता, आणि अंगरख्याखालून दिसेल तेवढाच पोटऱ्यांजवळचा भाग रेशमी, त्यावर पिवळ्या-काळ्या दोऱ्यांचं काम.

"शहाण्या बायका," आत्या म्हणाली. "दिसत नाय तिथं रेशीम घातलं नाय."

मी हे सांगितल्यावर बाई हसली. तिने बोट गळ्यावर, मग मनगटावर, मग पायाच्या काठावर ठेवलं. जिथे कापड उघडतं तिथे भरायचं, असं ती म्हणत होती. उघड्या जागेतून नजर आत शिरते. बंद जागेला भीती नाही.

"दृष्ट," आत्या म्हणाली. ते मला भाषांतर करावं लागलं नाही. आत्याने मीठ-मिरच्या ओवाळल्याची खूण केली आणि बाईला कळलं.

शेवटी तिने तो पिवळा झगा काढला. त्याला ती चिर्पी म्हणाली. हळदीपेक्षा किंचित गडद असं जुनं रेशीम, त्यावर डाळिंबी, हिरव्या, निळसर दोऱ्यांनी भरलेल्या उभ्या उभ्या फुलांच्या रांगा. ट्यूलिपची फुलं, असं मला वाटलं. पुस्तकात पाहिली होती. आतून गुलाबांच्या छापाचं सुती अस्तर. आणि पाठीवर, उजव्या खांद्याखाली, चार-पाच फुलं कुरतडलेली. दोरे अर्धवट सुटलेले. कारखान्याच्या वसाहतीतल्या तिच्या घराच्या भिंतींना ओल होती, कपाट भिंतीला लागून होतं, आणि कसर लागली होती.

आता हा झगा कोणाचा, ते तिने सांगितलं, आणि ते सांगायला तिला बराच वेळ लागला. झगा तिच्या सासूचा होता. त्यांच्याकडे तरुण बाई गडद रंगाची चिर्पी घेते, मुलं मोठी झाली की पिवळी, आणि म्हातारपणी पांढरी. बायका आता रोज घेत नाहीत, पण लग्नाकार्यात बाहेर निघते. महिनाअखेर ती सुट्टीवर गावी जाणार होती, तिच्या थोरल्या मुलाच्या लग्नाला. त्या दिवशी सासू पांढरी चिर्पी घेणार होती आणि आपली पिवळी सगळ्यांदेखत सुनेच्या डोक्यावर घालणार होती.

"मग ती इकडं कशी आली?" आत्याने विचारलं.

बाईने खाली बघितलं. मागच्या सुट्टीत तिने ती मागून आणली होती. कारखान्याच्या वसाहतीत बायकांचा काही कार्यक्रम होता, आपापल्या भागाचे कपडे घालून यायचं होतं. सासू नको म्हणत होती. हिने हट्ट केला. आता सासू डोळ्यांनी बघणार, बोटांनी बघणार. खराब दिसली तर हिच्या डोक्यावर घालणार नाही. धाकट्या सुनेला देईल.

"धाकटी जाऊ हाय होय," आत्या म्हणाली आणि तिने चष्मा लावला.

बाईने एक फोटो दाखवला. सासू अंगणात उभी, चिर्पी डोक्यावरून घेतलेली, समोरून काढलेला फोटो. चेहरा कडक. आत्या त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. कपड्याकडे नाही, सासूकडे.

काम ठरलं. खाल्लेली फुलं पुन्हा भरायची. बाह्यांबद्दल बाई काहीच बोलली नाही. बोलण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसणार.

सुती दोऱ्याने भागणार नव्हतं. आत्याने जुन्या दोऱ्यांची टोकं काडेपेटीत घालून मला दिली आणि येवल्याला पाठवलं. पैठणी विणणाऱ्यांकडे रेशमाच्या लड्या मिळतात हे तिला माहीत होतं. मी एकटी एवढ्या लांब पहिल्यांदाच गेले. एसटीत खिडकीशी बसले, निफाड आलं, विंचूर आलं, आणि सगळा वेळ मी दुकानात काय बोलायचं याचीच उजळणी करत होते. प्रत्यक्षात दुकानदाराने काडेपेटी उघडून टोकं तळहातावर घेतली आणि मला बोलूच दिलं नाही.

"हा रंग आता कोण करत नाही. जवळचा देतो. कुठलं काम, पंजाबी?"

"रशियाचं."

"रशियात रेशीम?"

बाईकडून ऐकलेलं मी सांगितलं. त्यांच्याकडे बायका घरातच किडे पाळतात, तुतीचा पाला घालतात, खोली किड्यांना देतात आणि माणसं ओसरीवर झोपतात. त्याला ते पटलं नाही, पण त्याने लडी मोजून देताना थोडी जास्त दिली. आत्याने सांगितलं होतं म्हणून मी पिवळ्या रेशमाचा दीड वार तुकडाही आणला. तो कशाला, ते मी विचारलं नाही. आत्याला लागणारं कापड का लागतं, हे घरात कोणी विचारत नसे.

फुलं भरायला आम्ही दोघी बसलो. टाका आमच्या ओळखीचा नव्हता. साखळीसारखा दिसायचा, पण साखळीहून घट्ट, एकात एक अडकलेला. आत्याने कुरतडलेल्या फुलाचा एक कोपरा उलटून, सुईच्या टोकाने एकेक फास उसवून बघितला आणि मग उलट क्रमाने घातला. शाळेत सिस्टरांनी मला ट्रेवर घालायचे रुमाल भरायला शिकवलं होतं. तो हात इथे उपयोगी पडला. आठवडाभरात फुलं उभी राहिली. लांबून पाहिलं तर नवीजुनी कळत नव्हती. जवळून कळत होती.

आत्याची एक रीत होती. कपडा दुरुस्तीला आला की सांगितलेलं काम तर ती करायचीच, पण त्याशिवाय न सांगितलेलं एखादं काम स्वतःहून करून द्यायची. सैल झालेलं बटण, फाटायला आलेलं काज, उसवलेली काख. त्याचं ती काही घेत नसे. गिऱ्हाईक घरी जाऊन कपडा घालतं आणि मग त्याला समजतं, यात तिला मजा वाटायची. क्लासच्या मुलींनाही तिने हेच शिकवलं होतं, की आपल्या हातून जाताना कपड्यात खोट राहता कामा नये.

मी एका संध्याकाळी कॉलेजातून आले तर चिर्पी हँगरला लावलेली होती आणि बाह्या सुट्या होत्या. घेराजवळची जोडपट्टी उसवून काढली होती. खांद्यापाशी दोन्ही बाह्यांची शिवण उघडून आत्याने येवल्याच्या पिवळ्या रेशमाच्या कळ्या, म्हणजे रुंदी वाढवायच्या पाचरी, घातल्या होत्या, खालपर्यंत निमुळत्या होत गेलेल्या. आता त्यांतून हात आरामात जात होता. आतून अस्तरालाही जोड दिलेला, आणि टाका एवढा बारीक की मला शोधावा लागला.

"कुणीतरी आडाण्यानं बाह्या शिवून टाकल्या होत्या," आत्या म्हणाली. "बिचारीला एवढी वर्षं घालता आली नसंल."

"पण लांब किती आहेत, आत्या. हात बाहेरच येणार नाही."

"थंड मुलूख. हात आतच ठेवत असतील."

मला ते पटलं. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं असं बाई म्हणालीही होती.

पुढच्या शनिवारी ती आली. मंगळवारी तिला मुंबईला निघायचं होतं. आधी आत्याने तिला पाठीवरची फुलं दाखवली. बाईने चष्मा लावून, मग चष्मा काढून, मग बोटांनी तपासली. तिने आत्याचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. आत्या लाजली. मी तिला लाजताना क्वचितच पाहिलं होतं. मग आत्याने तिला खोलीच्या मध्ये उभं केलं, झगा मागून धरला आणि खूण केली, घाला हात.

बाईला कळेना. आत्याने तिचा उजवा हात मनगटाला धरून बाहीत सरकवला. हात आत गेला आणि दिसेनासा झाला. बाहीचं रिकामं टोक गुडघ्यापाशी हलत होतं. क्लासच्या दोन मुली खुदकन हसल्या. बाई त्या हलणाऱ्या टोकाकडे बघत उभी राहिली. मग तिने सावकाश हात बाहेर काढला, खाली बसली, झगा मांडीवर घेतला आणि बाही उलटी करून कळीवरून बोट फिरवलं.

"इथे एक तुकडा होता," ती मला म्हणाली. "खाली. दोन्हींच्या मध्ये."

आत्या चिंधीसुद्धा टाकत नसे. तिने जोडपट्टी कागदाच्या घडीतून काढून दिली, इस्त्री केलेली. बाईने ती हातात घेतली.

"सासू," ती म्हणाली.

"काय झालं?" आत्याने मला विचारलं. "आवडलं नाय का?"

बाई उठली. तिने झगा डोक्यावर घेतला, पावसात शेतावर घोंगडीची खोळ घेतात तसा. पुढचे काठ आतून दोन्ही हातांनी धरले. तिचे हात झग्याच्या आत होते, चेहरा तेवढा बाहेर. ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. दोन्ही बाह्या कानांच्या मागून निघून पाठीवर लोंबत होत्या, पट्टी नसल्याने एक इकडे, एक तिकडे, नाड्या सुटाव्यात तशा. तिने हात मागे नेऊन त्यांची टोकं जवळ आणली आणि धरून ठेवली. मग सगळं बरोबर दिसलं. फुलांच्या रांगा मानेपासून घेरापर्यंत सरळ उतरल्या.

आत्या सतरंजीवर बसली. क्लासच्या मुलींना तिने हाताने जायला सांगितलं.

"पदर हाय हा," ती म्हणाली. "डोक्यावरचा पदर, झग्यातनं काढलेला. हिला सांग, मला वाटलं कुणी चुकून शिवल्या. सांग तिला."

मी सांगितलं. मग माझ्याच्याने राहवलं नाही आणि मी विचारलं, हात घालायचे नाहीत तर बाह्या कशाला? बाईने खांदे उडवले. तिची आजी अशीच घ्यायची. आजीची आजी अशीच. मग तिने आत्याचा पदर चिमटीत धरून मला विचारलं, हे एवढं मोठं टोक कशाला? आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "तोंड पुसायला."

हे ऐकून बाई हसली, पण थोडंच.

अडचण अशी होती की कळ्या काढल्या असत्या तरी जुन्या रेशमात सुईची भोकं राहणार होती. नव्या रेशमात भोक बुजतं, जुन्यात बुजत नाही. आणि बोटांनी बघणाऱ्या सासूला ती लागणार. आत्याने कैची मागितली, मी उठायच्या आत बाईनेच ती उचलून दिली. त्यांच्याकडेही हाच शब्द होता, थोडा वेगळा उच्चार. नंतर साबण, दुकान, हवा असे आणखी सापडले, पण त्या दिवशी कोणाला मजा वाटली नाही.

बाईनेच उपाय काढला. उजव्या बाहीची कळी आत्याच्या हाताने उसवून निघाली, पण डावीचं कापड उसवताना विरायला लागलं. म्हणून डावी कळी आतल्या बाजूला दुमडून तशीच ठेवायची, बाही पुन्हा अरुंद करायची, आणि दोन्हीकडच्या शिवणींवरून भरून काढायचं. उघडलेली जागा होती, तेव्हा भरावी लागणारच होती. तिच्या हिशेबात ते बसत होतं. फक्त तिच्या एकटीच्या हाताने मंगळवारपर्यंत होणार नव्हतं.

रविवारी आणि सोमवारी ती सकाळीच आली. आम्ही तिघी सतरंजीवर, मध्ये चिर्पी. आत्या उजव्या खांद्याशी, बाई डाव्या खांद्याशी, मी जोडपट्टीपाशी. त्या टाक्याला ते कोजिमे म्हणतात. उसवून शिकलेला टाका आणि शिकवलेला टाका यांत फरक होता. आत्या दोरा यंत्राच्या टिपेसारखा आवळायची. बाई तिच्या मनगटावर हलकेच चापट मारायची.

"ढिला, टीचर. ढिला."

"काय म्हणती?"

"ढिला सोड म्हणते."

"आता ही मला शिकवती," आत्या म्हणाली, आणि ढिला सोडला.

सोमवारी शेजारच्या काकू डोकावल्या. त्या निफाडकडच्या, बागायतदारांच्या घरातल्या, आमच्याकडे काय चाललंय ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी रंगांची हकीकत ऐकून घेतली.

"पिवळं तर नवरीचं. ते सासूला?"

"त्यांच्यात मुलगा लग्नाचा झाला की पिवळं," मी म्हटलं.

"आणि मग पांढरं? नवरा गेला का तिचा?"

"नाही. म्हातारपणाचा मान असतो तो."

"पांढऱ्याचा कसला मान, बाई."

आत्या सुईवरून नजर न काढता म्हणाली, "आमच्यात नवरी पांढरी नेसती. मी पांढरीच नेसले होते. सायखेड्यात तवा बौद्ध पद्धतीचं पहिलंच लगीन, तुमच्यासारख्या बायका बघायला आल्या होत्या."

"मी काही तसं म्हटलं नाही."

"नाय, मी पण नाय म्हटलं."

काकूंनी चहा घेतला आणि गेल्या. बाईने काय झालं म्हणून विचारलं. मी नवरीचं सांगितलं. तिने आत्याच्या नेसणीकडे बघितलं, त्या दिवशी जांभळ्या फुलांचं वायलचं पातळ होतं, आणि आत्याला विचारलं की मग आता तू कुठल्या रंगाची? आत्या म्हणाली, "जे पातळ वाळलंय त्या रंगाची."

जोडपट्टी मी शिवली. दोघींनी आपापल्या परीने तपासली. आत्याने ओढून पाहिली आणि आणखी एक फेर घालायला लावला. सोमवारी दिवेलागणीच्या सुमाराला बाई गाठोडं बांधून जीपमध्ये बसली. आत्या फाटकापर्यंत गेली नाही. खोलीतच राहिली, दोऱ्याची टोकं वेचत.

मग रोज बाबा संध्याकाळी आले की आत्या विचारायची, "ती आली का माघारी?" आणि बाबा बूट सोडता सोडता "नाही" म्हणायचे. एकदा ती मला म्हणाली, "सांगून टाकायला पाहिजे होतं सासूला आधीच. लपवलं की जास्त दिसतं." मी म्हटलं, ती सांगेलही. आत्या म्हणाली, "धाकट्या जावंसमोर? मी नसतं सांगितलं."

दीड-दोन महिन्यांनी बाई परत आली. या वेळी जीप नव्हती. ओझरहून एसटीने, एकटी, विचारत विचारत. तिने सुकवलेले जर्दाळू आणि खरबुजाच्या वाळलेल्या फाका आणल्या होत्या. आत्याने त्या बाजूला ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"घातला का, विचार."

बाईने सुरुवातीपासून सांगितलं. तिला तसंच सांगायचं होतं. अंगण, पाहुणे, मांस शिजत ठेवलेली मोठी कढई. नवरी लाल रेशमात, चेहरा झाकलेला. सासू पांढरी चिर्पी घेऊन बसली होती. तिने पिवळी मागितली, मांडीवर घेतली आणि सगळ्यांदेखत उलटी केली. पाठीवरच्या फुलांवरून बोट फिरवलं. उजव्या खांद्यावरून फिरवलं. डाव्यापाशी थांबली. आत दुमडलेली कळी तिला लागली होती.

"हे कोणी केलं, म्हणून विचारलं. मी म्हणणार होते की मी केलं. ते ठरवून गेले होते."

"मग?" आत्या.

"जाऊ तिथेच उभी होती, चहाची किटली घेऊन. मी म्हणाले, हिंदुस्थानातली एक टीचर आहे, तिने."

मी हे मराठीत सांगत होते आणि आत्या माझ्याकडे नाही, बाईच्या तोंडाकडे बघत होती.

सासूने विचारलं, तिने उघडल्या? बाई म्हणाली, हो. तिनेच बंद केल्या? हो. सासूने झगा सुलटा केला, उठली, बाईच्या डोक्यावर घातला, पुढून नीट केला. मग मागे गेली, दोन्ही बाह्या एकत्र धरल्या आणि खाली ओढून पाहिलं.

"किती जोरात?" आत्याने विचारलं.

बाई उठून आत्याच्या मागे गेली, तिचा पदर डोक्यावर सारखा केला आणि दोन्ही हातांनी धरून ओढला. आत्याची मान मागे गेली.

"एवढं?"

"एवढं."

"मग?"

"नाही सुटली पट्टी."

आत्याने पदर खांद्यावर घेतला. "आणि जाऊ?"

बाईने सांगितलं, जावेने सगळ्यांना चहा ओतला. आत्याने ते माझ्याकडून दोनदा सांगून घेतलं, आणि मग जर्दाळूची पिशवी सोडली.